पलीकडच्या माणसाचे कपडे

मालिकेचा नायक शर्टाची बटणं लावताना रोज वैतागायचा, आणि त्याचा तो वैताग कपडेपटाच्या खोलीत बसलेल्या मास्तरांना मनातून सुखवायचा. मालिका दोन जगांची होती. एका प्रयोगशाळेच्या तळघरात एक दार सापडतं, दारापलीकडे हुबेहूब असंच दुसरं जग असतं. माणसं तीच, चेहरे तेच, फक्त नशिबं निराळी. मग इकडचे तिकडे जातात, तिकडचे इकडे येतात, आणि दुसऱ्याच्या घरात दुसऱ्याच्या नावाने राहू लागतात. पहिल्या पर्वाच्या वेळी सगळ्यांपुढे एकच पेच होता. पडद्यावर दिसतोय तो इकडचा की पलीकडचा, हे बघणाऱ्याला कळायचं कसं? कुणी म्हणालं केस वेगळे ठेवू, कुणी म्हणालं पलीकडच्यांवर निळा उजेड टाकू. मास्तर टेप गळ्यात अडकवून दाराशी उभे होते. ते म्हणाले, पलीकडच्यांची बटणपट्टी उलट्या बाजूला करतो, खिसाही उजवीकडे घेतो. बघणाऱ्याला आधी नुसतं खटकेल, मग समजेल.

तेच ठरलं. तेव्हापासून प्रत्येक कपडा दोनदा शिवायचा, एक सुलटा आणि एक उलटा. आयुष्यभर एका हाताने बटणं लावलेल्या नटांची बोटं उलट्या पट्टीवर अडखळायची, आणि दिग्दर्शक म्हणायचा, हेच पाहिजे, परक्या जगातला माणूस असाच अडखळणार. मालिका गाजली. एका मुलाखतीत दिग्दर्शकाने ही बटणांची कल्पना आपल्याला आंघोळ करताना सुचली असं सांगितलं. कपडेपटातल्या बायका मास्तरांच्या वतीने चिडल्या. मास्तर मात्र इस्त्रीवर पाणी शिंपडत राहिले. आपलं काही दुसऱ्याच्या नावावर गेलं की गप्प बसायचं, हे त्यांच्या अंगवळणी पडलं होतं. चाळीस वर्षांपूर्वी त्यांचं खुद्द नावच गेलं होतं.

मास्तर तेव्हा मास्तर नव्हते. घरात त्यांना छोटू म्हणत, आणि दोन वर्षांनी मोठ्या भावाला दादा. कागदावरची नावं फक्त शाळेत आणि पत्रावर लागायची. वडील पाणीपुरवठा खात्यात पंप चालवायचे. एक दिवस कामावरच कोसळले आणि गेले. खात्याचा नियम असा होता की वारसांपैकी एकाला नोकरी मिळेल, पण तो शालान्त परीक्षा पास पाहिजे. दादा तीनदा बसून तीनदा नापास झाला होता. छोटू त्याच वर्षी पास झाला होता, आणि नुसता पास नाही. गणितात सगळ्या शाळेत पहिला आला होता. त्याला नकाशे काढायचे होते, धरणांचे, कालव्यांचे. पट्टी आणि कर्कटक उशाशी घेऊन झोपणारं पोर ते.

दादाचं लग्न ठरलं होतं. मुलीकडचे नोकरीसाठी अडून बसले होते. मामांनी स्वयंपाकघरात बसून तोड काढली. दादाने धाकट्याच्या नावाने, धाकट्याच्या प्रमाणपत्रावर नोकरीला लागायचं. धाकट्याने पुढच्या वर्षी दादाच्या नावाने परीक्षेला बसायचं. "तू काय, चुटकीसरशी पास होशील," मामा म्हणाले. "कागदच तर आहे. नाव बदललं म्हणून माणूस बदलतो का?" आई भिंतीकडे तोंड करून डाळ निवडत होती. ती एवढंच म्हणाली की दोघंही माझेच आहेत, मला काय फरक पडतो.

त्या दिवशी दुपारभर छोटूने दादाला आपली सही शिकवली. पाठकोऱ्या कागदावर त्याने पन्नास वेळा स्वतःचं नाव लिहिलं, आणि दादाने जीभ बाहेर काढून ते खाली गिरवलं. शेवटच्या अक्षराला छोटू एक लांब शेपूट द्यायचा. दादाला ते शेपूट काही केल्या जमेना. शेवटी छोटूने त्याचा हात धरून ते ओढून घेतलं.

पुढच्या वर्षी परीक्षेचा अर्ज आणला तेव्हा दादा घाबरला. एकाच गावात, एकाच केंद्रावर दोन भावांचे कागद कुणी शेजारी ठेवले तर? तो म्हणाला, एक वर्ष थांब, नोकरी पक्की होऊ दे. नोकरी पक्की झाली तेव्हा म्हणाला, बदली होऊ दे. बदली झाली तेव्हा छोटू एका शिंप्याच्या दुकानात काजं करायला बसला होता आणि परीक्षेचं नाव काढलं की आईच रडायला लागायची. तीनदा नापास झालेल्या माणसाचे कागद घेऊन छोटू दुनियेत वावरू लागला. मतदार यादीत, भाडेकरारावर, स्वतःच्या लग्नाच्या नोंदीत, सगळीकडे दादाचं नाव. कागदोपत्री वहिनी छोटूची बायको लागत होती आणि छोटूची बायको दादाची. सुरुवातीला यावरून घरात हसणंही व्हायचं. मास्तरांची बायको मात्र कधी हसली नाही. लग्नानंतर आठवड्याभरात मास्तरांनी तिला सगळं सांगितलं होतं, आणि तिने विचारलं होतं, "मग मी लग्न केलं ते नक्की कुणाशी?"

दादा वाईट माणूस नव्हता, हीच खरी अडचण होती. वाईट असता तर भांडता आलं असतं. तो मन लावून नोकरी करत राहिला, चढत चढत साहेब झाला, आई गेली तोपर्यंत तिला त्यानेच सांभाळलं. छोटूला दर वर्षी तो आपल्या जुन्या कोटांना अस्तर लावायचं काम द्यायचा आणि निघताना पाठीवर हात ठेवायचा. पण नाव अंगात भिनलं की माणूस त्याच्याबरोबर आलेलं सगळंच आपलं समजायला लागतो. दादाचा मुलगा शाळेत गणितात चमकला तेव्हा वहिनी चारचौघांत म्हणाल्या, बापावर गेलाय. दादाने मान डोलावली. पुढे कधीतरी शाळेला पन्नास वर्षं झाली. जुन्या पहिल्या नंबरवाल्यांचा सत्कार ठरला, आणि मानपत्राचं निमंत्रण त्या नावाने थेट दादाच्या पत्त्यावर आलं. मास्तरांना वाटलं, दादा काहीतरी निमित्त काढून टाळेल. दादा कापड घेऊन आला. म्हणाला, समारंभासाठी कोट शिवून दे, तुझ्या हातचाच पाहिजे. मास्तरांनी तो कोट शिवला. असा उत्तम कोट त्यांनी आयुष्यात दुसरा शिवला नाही.

मास्तरांनी हे बाहेर कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं ते मालिकेच्या तिसऱ्या पर्वाच्या वेळी, आणि तेही एका मुलीला. लेखकांच्या टोळीत ती सगळ्यात नवी होती. सगळे तिला चष्मिश म्हणत. लेखकांची खोली फार गार असायची, म्हणून ती डबा खायला कपडेपटात यायची आणि इस्त्रीच्या टेबलाशी उबेला बसायची. एक दिवस ती वैतागून म्हणाली, "मास्तर, दोन वर्षं आम्ही माणसं बदलतोय, आता काही सुचतच नाही. खऱ्या आयुष्यात कोण कुणाची जागा घेतो हो?"

मास्तर एका उलट्या शर्टाला खिसा लावत होते. त्यांनी आधी टीप संपवली. मग मशीन थांबवून त्यांनी सांगायला सुरुवात केली. मामा, डाळ, सही, शेपूट, मानपत्र, कोट. चष्मिशने डबा मिटून ठेवला. तिचे डोळे भरून आले आणि तिने मास्तरांचा हात हातात घेतला. त्या संध्याकाळी मास्तर घरी चालत गेले. चाळीस वर्षांनी कुणीतरी ऐकून घेतलं होतं, पाय कसे हलके पडत होते.

तीन महिन्यांनी कपडेपटात नवी यादी आली. सरकारी कचेरीतला माणूस, सुलटा शर्ट एक, उलटा शर्ट एक. समारंभाचा कोट, उलटा. मास्तरांनी ती यादी दोनदा वाचली आणि उठून संहितेची प्रत मागवली. जेवणाच्या सुट्टीत ते ती घेऊन मागच्या जिन्यावर बसले. सगळं होतं. पलीकडून आलेला एक माणूस इकडच्याचं प्रमाणपत्र घेऊन नोकरीला लागतो. सही गिरवतो. शेपूटसुद्धा होतं. आपल्या माणसाला, त्या लुबाडल्या गेलेल्याला, शेवटी काय मिळतं हे बघायला त्यांनी भराभर पानं उलटली.

गोष्ट मात्र त्याची नव्हतीच. गोष्ट पलीकडच्याची होती. त्याचं जग जळून गेलं होतं, त्याला भीती होती, पश्चात्ताप होता, रात्रंदिवस राबून तो त्या नावाला जागला होता. भाग संपता संपता इकडचा त्याला भेटतो आणि म्हणतो, "नाव माझं होतं, पण त्याचं सोनं तू केलंस." दोघं कडकडून मिठी मारतात. मग इकडचा आपणहून दारातून पलीकडे निघून जातो आणि दार मागे लावून घेतो.

मास्तर प्रत घेऊन लेखकांच्या खोलीत गेले. चष्मिश त्यांना बघून उभी राहिली आणि त्यांना बाहेर बोळात घेऊन आली. तिने आधी कबूल करून टाकलं की विचारायला हवं होतं. मग म्हणाली की तिने वेगळंच लिहिलं होतं, मुख्य लेखकांनी बदललं.

"का बदललं?" मास्तरांनी विचारलं.

ती चष्मा पुसत राहिली. "ते म्हणाले, मूळ माणूस फारच गप्प आहे. तो काहीच करत नाही. अशा माणसाची प्रेक्षकांना कीव येत नाही मास्तर, राग येतो."

"मलाही येतो," मास्तर म्हणाले आणि खाली निघून आले. कपडे वेळेवर द्यायचे होते. कोट त्यांनीच बेतला. उलटा असला तरी खांद्याला एक सुरकुती येऊ दिली नाही.

तो भाग दाखवला गेला आणि त्याच्या दुसऱ्याच दिवशी दादाचा फोन आला. दादा नुकताच निवृत्त झाला होता. फोनवर तो फक्त इतकंच म्हणाला की रविवारी ये, दोघंही या. बायको यायला तयार झाली नाही. मास्तर एकटे गेले.

दादाच्या घरी बैठकीच्या खोलीत मानपत्र होतं, त्याच्याखाली सोफा. दादाने मास्तरांना आपल्याशेजारी बसवून घेतलं. मुलगा बाहेर गेला होता, वहिनी चहा टाकत होत्या. दादा म्हातारा दिसत होता, गळ्याजवळ शर्ट मोठा झाला होता. मास्तरांनी सवयीने मनात माप घेतलं, अर्धा इंच आत घ्यावा लागेल.

"बघितला मी तो भाग," दादा म्हणाला. "दोनदा बघितला. इतकी वर्षं मला वाटायचं, तुझ्या मनात अढी असेल. विचारायचा धीर झाला नाही." "तू त्यांच्याकडून लिहवून घेतलंस ना ते? माझ्यासाठी?"

मास्तरांना आधी काही कळेना. मग हळूहळू कळलं. त्या मिठीला दादा मास्तरांनी पाठवलेली माफी समजला होता. चाळीस वर्षांत त्याने ती कधी मागितली नव्हती, आणि आता न मागता घरबसल्या मिळाली होती, पार्श्वसंगीतासकट.

"दादा, ते मी लिहिलेलं नाही," मास्तर म्हणाले.

दादाने डोळे पुसले आणि हसला. "तू लहानपणापासून असाच. केलं तरी केलं म्हणून सांगणार नाहीस." त्याने पाठीवर हात ठेवला.

मास्तरांनी तोंड उघडलं. मी माफ केलेलं नाही, हे चार शब्द अगदी जिभेवर आले होते. तेवढ्यात वहिनी चहा घेऊन आल्या आणि दादाने त्यांच्यासमोर धाकट्याच्या मनाच्या मोठेपणाचं कौतुक सुरू केलं. मास्तरांनी चहा घेतला. साखर जास्त झाली होती, तेही बोलले नाहीत.

चार महिन्यांनी सकाळी पेपर वाचता वाचता दादा गेला. झटका एवढा मोठा होता की डॉक्टर येईपर्यंतही वेळ मिळाला नाही. पुतण्या पार गळून गेला होता, म्हणून मृत्यूची नोंद करायला मास्तर त्याच्याबरोबर गेले. खिडकीपलीकडच्या बाईने विचारलं, मयताचं नाव? मास्तरांनी नाव सांगितलं. ते उच्चारताना त्यांच्या लक्षात आलं की हे नाव आपण तोंडाने किती वर्षांत घेतलेलं नाही. जन्मतारीख? तीही त्यांना पाठ होती. बाईने ठसा मारला. माहिती देणाऱ्याची सही म्हणून मास्तरांनी खाली दादाचं नाव लिहिलं. गेलेल्या माणसाने जिवंत माणसाच्या मरणाची खबर दिली, आणि सगळं नियमात बसलं.

तरीही ते गप्पच राहिले असते. पण महिन्याभराने पुतण्याने त्यांना घरी बोलावलं. बैठकीच्या खोलीत मानपत्राशेजारी आता दादाचा मोठा फोटो होता, फोटोखाली मास्तरांचं नाव. पुतण्या उत्साहाने सांगत होता की तो बाबांच्या जुन्या शाळेत जाऊन आला. गणितात पहिल्या येणाऱ्या मुलाला दर वर्षी बाबांच्या नावाने बक्षीस द्यायचं ठरलंय, आणि पहिलं बक्षीस काकांनी आपल्या हाताने द्यावं अशी त्याची इच्छा आहे.

मास्तर उठून उभे राहिले. काय होतंय हे त्यांचं त्यांना कळायच्या आत ते बोलून गेले होते.

"गणितात पहिला मी आलो होतो."

मग मास्तरांनी सगळं सांगितलं. मामांनी काढलेली तोड, पाठकोरे कागद, पुढे ढकललेली परीक्षा, शेपटाची सही. बोलताना त्यांचा आवाज चढला, मध्येच ते पाणी प्यायले आणि पुन्हा बोलू लागले. इतकं सलग ते जन्मात कुणासमोर बोलले नव्हते. पुतण्याने एकदाही तोडलं नाही. सगळं ऐकून झाल्यावर त्याने हलकेच त्यांना खांद्याला धरून खाली बसवलं.

"काका," तो म्हणाला, "हे तर तुमच्या मालिकेतलं आहे. मी बाबांबरोबर बसून बघितलाय तो भाग."

"ते माझ्यावरून घेतलंय. मीच सांगितलं होतं त्यांना."

"हो काका." तो लहान मुलाशी बोलावं तसा बोलत होता. "धक्का मोठा आहे. तुम्ही दिवसरात्र त्या कपड्यांत असता. होतं असं."

मास्तरांनी वहिनींकडे पाहिलं. त्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, सगळं ऐकलं होतं त्यांनी. घरच्यांपैकी ही गोष्ट ठाऊक असलेली, मास्तर आणि त्यांची बायको सोडून, ती एकच व्यक्ती उरली होती. वहिनींचं पुढचं सगळं आयुष्य त्या नावावर उभं होतं. घर, पेन्शन, मुलाच्या डोळ्यांतला बाप, सगळंच. त्यांनी पदराने हात पुसले, दोनदा पुसले, आणि मास्तरांकडे न बघता मुलाला म्हणाल्या, "भावोजी थकलेत रे. त्यांना घरी सोडून ये."

पुतण्याने त्यांना गाडीत बसवलं, पट्टा स्वतः लावून दिला. वाटेत तो अगदी जपून, इकडचं तिकडचं बोलत होता. बक्षिसाचं बघू, घाई नाही, आधी तुम्ही विश्रांती घ्या. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा, गप्प बसवेना म्हणून असेल, त्याने विचारलं की पुढच्या पर्वात तो पलीकडे गेलेला माणूस परत येतो का. मास्तर म्हणाले, माहीत नाही, त्याच्या कपड्यांची मापं अजून आलेली नाहीत.

घरी आल्यावर त्यांनी बायकोला झालं ते जसंच्या तसं सांगितलं. ती रडेल किंवा चिडेल असं त्यांना वाटलं होतं. तिने उठून स्वयंपाकाला सुरुवात केली, आणि ताटं वाढून झाल्यावर आतून हाक मारली. तीस वर्षं ती त्यांना 'अहो' म्हणत आली होती. त्या दिवशी तिने त्यांना नावाने हाक मारली. खऱ्या.

मास्तर खिडकीशी बसले होते. तिने दोनदा हाक मारली, तिसऱ्यांदा मारली. शेवटी ती बाहेर आली आणि त्यांच्या दंडाला हात लावला, तेव्हा ते दचकून उठले.

दुसऱ्या दिवशीही तिने तसंच केलं, तिसऱ्या दिवशीही. ठरवून, आवाज न चढवता, जेवायला, आंघोळीला, दार लावायला, प्रत्येक वेळी त्याच नावाने. मास्तर प्रयत्न करत होते. पण कान त्या नावाला उठतच नव्हता. ती कुण्या दुसऱ्याशी बोलतेय असंच वाटायचं. एकदा तर त्यांनी मागे वळून दाराकडे पाहिलं, कोण आलंय ते. आठ-दहा दिवसांनी तिनेही ते सोडून दिलं.